साडेतीनची गोळी

"माझी सायकल कुठं ठेवलीस?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. पलीकडं कारखान्याचा भोंगा झाला, माझ्या कुकरची शिट्टी झाली, गल्लीतली कुत्री भुंकली आणि आमचे हे खाटेवरून ताडकन उठून दारात जाऊन उभे राहिले. अंगात बनियन, खाली पायजमा आणि पायात एकच चप्पल, तीही माझी.

"सायकल विकून बारा वर्षं झाली," मी म्हटलं.

"विकली? कुणाला विचारून विकलीस? आता ड्यूटीवर मी काय उडत जाऊ?"

"कसली ड्यूटी? रिटायर झालात तुम्ही. हार घातला, नारळ दिला, जेवण झालं. बसा गप."

"सकाळी आठपासून तो माणूस पॅनवर उभा आहे," हे म्हणाले. "मी गेल्याशिवाय त्याला जागा सोडता येत नाही. बायकापोरांचा माणूस आहे तो. आणि तू दार लावून बसलीस?"

मी दाराला पाठ लावून उभी होते. त्यांनी मला बाजूला ओढलं, मी परत उभी राहिले. मग त्यांनी कोनाड्यातला पितळी तांब्या उचलला आणि माझ्या मनगटावर हाणला. कट्‌ असा आवाज मला ऐकू आला. दुखलं नंतर. आधी मला ह्यांचं तोंडच दिसलं. सत्तेचाळीस वर्षांत माझ्यावर हात उचलला नव्हता ह्या माणसानं.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. आमचे हे म्हणजे केरबा मगदूम, सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं पॅनमन. पॅन म्हणजे टाकीएवढं भांडं; त्यात उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरायचा, तो पॅनमननं. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन बघायचा, बोटात चोळायचा आणि ठरवायचं, आता सोडा किंवा अजून थांबा. चुकला तर टनानं माल वाया. त्यामुळं दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पॅन सोडायचा नाही, हा नियमच. ह्यांनी तो कधी मोडला नाही. आमच्या सुहासच्या बारशालासुद्धा दोन तास उशिरा आले, कारण त्या दिवसापुरता मागितलेला बदलीवाला वेळेत आला नव्हता. मी तोंडाची फटकळ, चारचौघांत म्हटलं होतं, पॅनशीच लग्न लावायचं होतं.

आणि मग सदुसष्टाव्या वर्षी विसर पडायला लागला. आधी नावं, मग रस्ते, मग मी. सकाळी बरे असायचे. मला "बाई" म्हणायचे, पण चहा दिला की हसायचे. पण त्या दिवाळीपासून दुपार कलली की अंगात काय संचारायचं देव जाणे. साडेतीनला चढायचं ते सात-आठला उतरायचं. दारं आपटणं, शिव्या, रडणं, भिंतीवर डोकं आपटणं. रोज. आणि आता हा हात.

हाताला प्लास्टर घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुहास पुण्याहून आला. एकुलता एक पोरगा माझा.

"आई, उद्या तोच तांब्या डोक्यात बसला तर?"

"बसला तर बसला. डोकं माझं आहे."

"असं बोलू नकोस. आमच्या घराजवळ एक केंद्र आहे. अशाच माणसांसाठी. चोवीस तास बघणारी माणसं असतात. मी आण्णांचं नाव घालून आलोय. एप्रिलमध्ये जागा होईल."

"तिथं तुझ्या बापाला ओळखतंय कोण?"

"इथं तरी ते कुणाला ओळखतात?"

एवढं बोलला आणि सुहास उठून आत गेला. मी बघितलं तर मोरीत चहाचे कप घासत उभा होता, धुतलेलेच कप, आणि खांदे हलत होते. पोरगा वाईट नव्हता हो. त्याला आईही राखायची होती.

पण मला हे माझ्या घरात हवे होते. परक्यांनी ह्यांना अंघोळ घालायची, परक्यांनी भरवायचं, आणि मी महिन्यातून एकदा पिशवीत केळी घेऊन भेटायला जायचं? नाही म्हणजे नाही.

"एक महिना दे मला," मी म्हटलं. "डॉक्टरला दाखवते. गोळीनं शांत होतात म्हणे माणसं."

"एकच महिना. परत असं झालं तर मी तुझं ऐकणार नाही."

सांगलीत डॉक्टर शेडबाळे म्हणून बाई होत्या. किडकिडीत, जाड चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी ह्यांना तपासलं, दात बघितले, पोट बघितलं, कान बघितले. मग मला विचारलं, "रोज त्याच वेळेला होतं?"

"रोज. घड्याळ लावून घ्यावं."

"त्या वेळेला घरात काय होतं?"

"काय होणार? मी चहा ठेवते."

"नीट बघा, काकू. आठ दिवस लिहून काढा. कशानं भडकतात ते सापडलं तर गोळीची गरज कमी लागते."

मी मान हलवली. मनात म्हटलं, मी काय लिहीत बसू? माझा उजवा हात प्लास्टरात.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. "दुपारी तीनला अर्धी गोळी. फक्त अर्धी. ही लागू पडते, तशी अंगावरही येते. तीन आठवड्यांनी मला दाखवायचं, मग मी कमी करत बंद करणार. ही कायमची गोळी नाही. कळलं ना?"

"कळलं," मी म्हटलं.

गोळी हातात दिली तर हे थुंकून टाकायचे. मग मी ती कुटून काकवीत घालायला लागले. ह्यांना काकवी जिवापाड. चपातीचा तुकडा बुडवून भरवला की मिटक्या मारत खायचे. पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी खिडकीची काच फोडली. मी घाबरले. हे सुहासच्या कानावर गेलं तर झालंच. पाचव्या दिवशी माझं मीच ठरवलं. डॉक्टरीण बाई स्वतः चिमणीएवढी, तिचा अंदाज तो तसाच असणार. ह्यांचा देह ऐंशी किलोचा. अर्धीनं काय होणार, डोंबल? मी अख्खी गोळी कुटली.

त्या दिवशीही आरडाओरडा झालाच. पण दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती. सकाळपासून गल्लीत पोरांचा धिंगाणा, पिचकाऱ्या, डबडी वाजवणं. रस्त्यानं ऊसतोड्यांच्या गाड्या सामान लादून गावाकडं परत चालल्या होत्या, त्या बैलांनाही पोरांनी रंगवून सोडलं होतं. माझं सगळं लक्ष घड्याळाकडं. तीन वाजले, मी काकवी भरवली. साडेतीन झाले, चार झाले. हे खाटेवर बसून. पाच वाजता म्हणाले, "बाई, पोरं मजा करत्यात." आणि हसले.

मी देवापुढं साखर ठेवली. खरंच सांगते, त्या गोळीच्या पाकिटालाही मी हळदकुंकू लावलं असतं.

सुहासला फोन केला. "शांत झाले बघ. गोळीनं गुण दिला." तो म्हणाला, "खरं सांगतेस ना?" मी फोन ह्यांच्या कानाला लावला. हे म्हणाले, "कोण बोलतंय? जेवलास का?" सुहास तिकडं रडला. पंधरा दिवसांनी त्यानं केंद्रातलं नाव काढलं.

मे महिन्यात तो सुनेला घेऊन चार दिवस येणार होता. हे तसे शांतच होते, पण मला धाकधूक. नेमकं त्याच्यासमोर काही केलं तर? म्हणून मी सकाळची अर्धी वाढवली. चार दिवसांपुरती, असं म्हणत. ते गेल्यावर वाटलं, आता चालतंय ते कशाला बिघडवायचं? औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली की गोळ्या मिळायच्या. कोण विचारतंय?

आणि हेही सांगते, लपवून काय करू? त्या उन्हाळ्यात मी सुखात होते. दुपारी पडायला मिळायचं. टीव्हीवरची मालिका पुरी बघायची. भाचीच्या लग्नाला जाऊन आले, शेजारणीला बसवून. सगळे म्हणायचे, अनसाक्का, तुझ्या धीराची कमाल आहे. मी ऐकून घ्यायची.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, पेशंटला घेऊन या म्हणून. एकदा म्हटलं गावाला आहे, एकदा उचललाच नाही. का, ते मला ठाऊक होतं. त्या गोळी कमी करणार, हे परत भडकणार, आणि सुहास घेऊन जाणार. सरळ हिशेब होता माझा.

जूनमध्ये हे पाय घासत चालायला लागले. जमिनीला चिकटल्यासारखे, वीतभर वीतभर. जुलैत तोंडातून लाळ गळायला लागली. चेहऱ्यावरचं हसू गेलं, रागही गेला. सारवलेल्या भिंतीसारखं तोंड. बोलणं तर बंदच. सकाळी खुर्चीत बसवलं की संध्याकाळी तिथंच, त्याच बाजूला कललेले. मी लाळ पुसायची आणि म्हणायची, आजार वाढला, काय करणार! फोनवर सुहास म्हणायचा, "आण्णा किती शांत झालेत गं." मी म्हणायची, "हो ना."

नागपंचमीला मी दिंडं केली होती, पुरणाची. ह्यांना आवडतात. पहिलाच घास तोंडात दिला, तो गिळेनात. मग ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. मी पाठीत बुक्क्या घातल्या, तोंडात बोट घालून घास काढला, किंचाळले. शेजारचे धावून आले. त्यांच्याच जीपमधून सांगली गाठली.

डॉक्टरबाईंनी ह्यांचा हात कोपरात वाकवून बघितला. गंजलेल्या बिजागरीसारखा अडत अडत वाकला.

"काकू, गोळी किती देता?"

"अर्धी."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "काकू."

"सकाळी अर्धी," मी म्हटलं. "दुपारी एक."

"कधीपासून?"

"दुपारची रंगपंचमीच्या आदल्या दिवसापासून. सकाळची मेपासून."

मला वाटलं, आता ओरडणार. मी ओरडलेच असते. त्या फक्त हळू आवाजात म्हणाल्या, "एवढी का वाढवलीत?"

"अर्धीनं उतरत नव्हतं, बाई. चार दिवस देऊन बघितली. अख्खी दिली आणि दुसऱ्या दिवशी माणूस शांत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"दुसऱ्याच दिवशी?"

"हो तर. रंगपंचमीला."

"इतक्या चटकन सहसा होत नाही," त्या म्हणाल्या. "त्या एक-दोन दिवसांत घरात दुसरं काही बदललं होतं? कोणी आलं, गेलं? जागा बदलली?"

"काही नाही."

"आठवा."

"अहो, काय बदलणार आमच्या घरात? कारखान्याचा पट्टा पडला आदल्या संध्याकाळी, तेवढंच."

"पट्टा पडला म्हणजे?"

"म्हणजे हंगाम संपला. ऊस संपला की बॉयलर विझवतात, सगळं बंद. मग भोंगा पण..."



आमच्या कारखान्याचा भोंगा वाफेवरचा. बॉयलर विझला की तोही मुका, थेट दिवाळीपर्यंत. साडेतीनला पहिला भोंगा, पाळीवाल्यांनी घरातून निघायचा. चारला दुसरा, पाळी लागल्याचा. ह्यांची पाळी कायम दुपारची; चौतीस वर्षं त्या पहिल्या भोंग्याला मी ह्यांच्या हातात डबा दिला होता. लग्न झाल्यापासून कारखान्याच्या भिंतीला लागून राहिले, इतकी वर्षं ऐकला की मला तो ऐकूच येईनासा झाला होता. पंख्याचा आवाज येतो का कुणाला? ह्यांना मात्र येत होता. रोज साडेतीनला त्यांना बोलावणं यायचं, आणि रोज मी दाराला पाठ लावून उभी राहायची. मग एका संध्याकाळी बोलावणं बंद झालं. हे शांत झाले. आणि मी त्या शांत माणसाला पुढं पाच महिने गोळ्या चारल्या.

डॉक्टरबाईंनी पाणी दिलं.

"माझ्यामुळं झालं हे?" मी विचारलं.

"गोळी द्यायलाच नको होती, असं नाही काकू. मार्चमध्ये तुमचा हात मोडला होता, तेव्हा थोडी लागलीच होती. काही माणसांना लागतेच. पण मला दाखवायला यायचं होतं." मग म्हणाल्या, "एकदम बंद करू नका. मी लिहून देते तशी उतरवत आणायची."

"पहिल्यासारखे होतील?"

"आजार मधल्या काळात पुढं गेला असणार. अंग थोडं मोकळं होईल. बाकी मी काही कबूल करणार नाही."

घरी येऊन सुहासला फोन लावला आणि सगळं सांगितलं. अर्धीची अख्खी, सकाळची जादा, चुकवलेले फोन.

"तू मला का नाही सांगितलंस, आई?"

"तू त्यांना नेलं असतंस."

तो म्हणाला, "आता हंगाम सुरू व्हायच्या आत तुम्ही दोघं इकडं या. आमच्याच घरी. इथं कसला भोंगा नाही." इतकं सोपं होतं ते. मार्चमध्ये कळलं असतं तर मार्चमध्ये गेलो असतो. ऑक्टोबरात आम्ही पुण्याला गेलो, आणि हे पुढं दीड वर्ष राहिले, लेकाच्या घरात, माझ्या हातचं खाऊन.

पण मला सांगायचं आहे ते निघायच्या आधीच्या एका दिवसाचं. घटस्थापना झाली होती. गोळी उतरवत उतरवत पार बंद होऊन आठवडा झाला होता. लाळ थांबली होती. पाऊल जरा उचललं जात होतं. बोलणं मात्र नव्हतं, आणि ते आता येणार नाही असं मी धरून चालले होते. सकाळची वेळ. मी त्यांच्या पुढ्यात बसून ताटलीत गवार मोडत होते.

"बाई," हे म्हणाले.

माझ्या हातातली शेंग गळून पडली. घोगरा, खोल गेलेला आवाज, पण त्यांचाच.

"काय हो?"

त्यांनी दाराकडं बघितलं, आतल्या खोलीकडं बघितलं. मग पुढं वाकून हळूच विचारलं, "कोण नाही ना घरात?"

"नाही कोण."

"मला हितं बसवून ठेवलंय."

"कुणी?"

"एक म्हातारी आहे. ती काहीतरी चारते. खाल्लं की हातपाय माझे राहत नाहीत. मी वरडतोय, वरडतोय, आवाजच फुटत नाही. लई दिवस झाले." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुम्ही भल्या घरच्या दिसता. माझं एक काम कराल?"

मी मान हलवली.

"कारखान्याच्या भिंतीला लागून घर आहे आमचं. तिथं माझी बायको असेल. अनसा नाव तिचं. तिला तेवढा निरोप द्या, तुझ्या माणसाला हितं ठेवलंय म्हणून. बाकी काही सांगू नका. ती येईल आणि मला घेऊन जाईल. तिला कळलं असतं तर इतके दिवस राहू दिलंच नसतं तिनं."

"देते निरोप," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मी उठले. पदराचा बोळा तोंडात कोंबून बाहेर आले, ओट्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले. मग नळावर तोंड धुतलं. केस सारखे केले, कुंकू नीट लावलं, पदर खांद्यावरून घेतला, आणि परत आत गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अहो, मी आले," मी म्हटलं. "अनसा. चला, घरी जाऊ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग मान तिरकी करून माझ्या बाजूनं मागं दाराकडं बघितलं, आणि विचारलं, "आली नाही का ती?"

"निघालीय," मी म्हटलं. "पोचेल एवढ्यात."